कोकणातला धंदेवाला सरकारकडे नेमकं काय मागतोय?

राज्यातल्या उद्योजकांचा आत्मविश्वास वाढला, किंवा घसरला, अशी बातमी दर दोन-तीन महिन्यांनी येते, सोबत एखाद्या मोठ्या परिषदेत चार नामांकित उद्योगपती सांगतात की सरकारने आधी हे करावं मग ते करावं, आणि इकडे चिपळूणला किंवा कुडाळला दुकान, बोट, काजूचा कारखाना चालवणारा माणूस ती बातमी वाचतो आणि पुढे जातो कारण त्यात त्याला स्वतःचं काहीच दिसत नाही. माझं म्हणणं आहे की ती बातमी नीट वाचायला शिकलं पाहिजे, कारण सरकारची धोरणं बऱ्यापैकी अशाच मतांवर ठरतात, आणि आपलं मत त्यात नसेल तर का नाही हेही कळलं पाहिजे.

आधी हा आत्मविश्वास मोजतात कसा ते बघू. रिझर्व्ह बँक दर तिमाहीला कंपन्यांना प्रश्न विचारते, एनसीएईआर ही संशोधन संस्था आणि सीआयआय, फिक्की या उद्योगांच्या संघटना यांचेही असे सर्व्हे असतात. प्रश्न एकदम साधे असतात, पुढच्या तीन महिन्यांत तुमच्या मालाची मागणी वाढेल, तेवढीच राहील की कमी होईल, कामगार वाढवाल का, कच्चा माल महागेल का, वगैरे. समजा १०० जणांना विचारलं, ४५ म्हणाले वाढेल, ३५ म्हणाले तेवढीच, २० म्हणाले कमी होईल. आता ४५ मधून २० वजा करा, आले २५, हा झाला निव्वळ कल. शून्याच्या वर असेल तर आशावादी जास्त, खाली असेल तर निराश जास्त. पीएमआय नावाचा, कंपन्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांना विचारून काढलेला जो आकडा बातम्यांत येतो तो जरा वेगळा काढतात, गेल्या महिन्यापेक्षा वाढलं म्हणणारे सगळे आणि तेवढंच म्हणणारे निम्मे, म्हणजे याच उदाहरणात ४५ अधिक साडेसतरा, साडेबासष्ट, आणि तिथे ५० ही मधली रेघ असते.

यात लक्षात घ्यायची गोष्ट ही की किती वाढेल हे कोणीच विचारलेलं नसतं. एकाचा धंदा २ टक्के वाढणार असेल आणि दुसऱ्याचा ४० टक्के बुडणार असेल तरी दोघांचं मत एकेकच धरलं जातं. त्यामुळे हा आकडा वारा कुठल्या दिशेला आहे ते सांगतो, वादळ किती मोठं आहे ते नाही सांगत.

आता कोणाला विचारतात ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या त्या सर्व्हेत मुख्यतः कारखानदारीतल्या पब्लिक आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या असतात, आणि तो सगळ्या देशाचा असतो, राज्याचा नाही. आपल्याकडचा धंदा कसा असतो? बहुतेक सगळे एकट्याच्या मालकीचे, नाहीतर दोन भावांची भागीदारी, नाहीतर बचत गट, नाहीतर घरच्या चार खोल्या पर्यटकांना देणारं कुटुंब. यातलं कोणीही त्या यादीत येत नाही, आणि यात कोणाचा डाव वगैरे नाही, सर्व्हेची रचनाच तशी आहे, पण परिणाम असा होतो की 'राज्यातल्या उद्योजकांचं मत' म्हणून जे छापून येतं ते मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्याचं मत असतं.

शिवाय तीन महिन्यांचा हिशोब आपल्याकडे नीट बसतच नाही. आंब्याचा पैसा साधारण मार्च ते मे मधला, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, मालवण तारकर्लीतलं स्कूबा, बोटिंग पावसाळ्यात बंद, गणपतीत बाजार एकदम फुल आणि मग दिवाळीपर्यंत शांत. काजू फॅक्टरीवाला उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत वर्षभराची बी खरेदी करतो, म्हणजे त्याचा सगळा पैसा एकदम अडकतो आणि मग वर्षभर थोडा थोडा सुटतो. अशा माणसाला मे महिन्यात विचारा किंवा जुलैमध्ये विचारा, उत्तर वेगळंच येणार.

सरासरीचाही एक मोठा घोळ आहे. सरकारी भाषेत कोकण विभाग म्हणजे सात जिल्हे, मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. त्यामुळे कोकण विभागाचं उत्पन्न राज्यात सगळ्यात जास्त असं कुठे वाचलंत तर ते खरंच आहे, पण त्यात नरिमन पॉइंटचं ऑफिसही आलं आणि संगमेश्वरातली भातशेतीही आली. गावचा जो बाजार चालतो त्यात चाकरमान्यांनी पाठवलेल्या पैशाचा हात किती मोठा आहे हे कुठल्याही कापडवाल्याला विचारा, आणि तो पैसा कमावला जातो मुंबईत, म्हणून मोजलाही जातो मुंबईत.

मोठ्या चित्राबद्दल थोडंसं. महाराष्ट्राचं एका वर्षाचं स्थूल उत्पन्न २०२४-२५ साठी साधारण ४५ लाख कोटी रुपये धरलं गेलं, देशात पहिला नंबर. २०२२ च्या शेवटी सरकारने टाटा सन्सचे एन. चंद्रशेखरन यांच्या अध्यक्षतेखाली आर्थिक सल्लागार परिषद नेमली, त्यात बरेच मोठे उद्योगपती होते, आणि डोळ्यासमोर लक्ष्य होतं राज्याचं उत्पन्न एक ट्रिलियन, म्हणजे एक लाख कोटी, डॉलरवर न्यायचं. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ट्रिलियन म्हणजे ८५ लाख कोटी रुपये, म्हणजे आहे त्याच्या जवळपास दुप्पट. महागाई धरून वर्षाला १२ टक्क्यांनी वाढलं तर दुप्पट व्हायला सहा वर्षं लागतात, आणि रुपया घसरला तर तेच लक्ष्य आणखी लांब जातं, राज्याने काही चूक केलेली नसली तरी. म्हणून उद्योगपती जेव्हा म्हणतात की वेग वाढवा, मोठे प्रकल्प आणा, बंदरं आणा, तेव्हा त्यामागे हे गणित असतं. पालघरच्या वाढवण बंदराला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, खर्च ७६,२२० कोटी, ते याच विचारातून आलंय, आणि तिथले मच्छीमार त्याला विरोध करतायत ते त्यांच्या पोटाच्या गणितातून. दोन्ही गणितं खरी आहेत, त्याकडे नंतर येतो.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग, कारण इथे आपली बरीच ताकद वाया जाते. मागणी कोणाकडे करायची हेच नीट माहीत नसतं. व्यापारी संघाच्या मीटिंगमध्ये एकाच निवेदनात दहा मागण्या असतात आणि त्यातल्या पाच-सहा राज्य सरकारच्या हातातच नसतात, मग पालकमंत्री ते निवेदन घेतात, फोटो होतो, आणि पुढे काही होत नाही. जीएसटीचा दर कमी करा ही मागणी राज्याकडे करून भागत नाही, २०१७ पासून तो दर जीएसटी कौन्सिल ठरवते, तिथे राज्याला फक्त आपलं मत आहे. रेल्वे केंद्राची, नॅशनल हायवे केंद्राचा, न्हावा शेवासारखं मोठं बंदर केंद्राचं. पण छोटी बंदरं राज्याची, ती १९९६ मध्ये स्थापन झालेल्या मेरीटाइम बोर्डाकडे आहेत. समुद्रात तर आणखी मजेशीर विभागणी आहे, किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या कायद्याखाली आणि त्याच्या पलीकडे केंद्राच्या. म्हणून एलईडी लाइट लावून मासेमारी करणाऱ्या बोटींचा प्रश्न निघाला की अधिकारी एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि ते पूर्ण चूक असतं असंही नाही.

मग राज्याच्या हातात पक्कं काय आहे? जमीन, पाणी, जिल्ह्यातले आणि गावातले रस्ते, पोलीस, एमआयडीसी, स्टॅम्प ड्युटी, डिझेल-पेट्रोलवरचा व्हॅट, दारूवरचा कर, विजेवरची ड्युटी. वीज दर नियामक आयोग ठरवतो, पण वितरणाची कंपनी राज्याची आहे आणि सबसिडी कोणाला द्यायची हे राज्य ठरवतं. ही यादी डोक्यात असली की उद्योजकांच्या मागण्या एकदम वेगळ्या दिसायला लागतात.

कोकणातल्या धंदेवाल्याशी बोललं की सबसिडीचा विषय पहिल्या दहा मिनिटांत फार कमी वेळा निघतो. निघतो तो रस्ता. "रस्तो कधी पुरो होतलो?" मुंबई-गोवा हायवेच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये पनवेल-इंदापूर टप्प्यापासून सुरू झालं, तेव्हा ज्यांची मुलं शाळेत जायला लागली ती आता कॉलेज संपवत आली. खड्ड्यांनी गाडीचं नुकसान होतं हे सगळ्यांना दिसतं, पण धंद्याचं खरं नुकसान दुसरीकडे होतं. देवगडहून रात्री आंब्याची गाडी निघाली आणि ती सकाळी वाशी मार्केटला बाजार सुरू व्हायच्या आत पोचेल का हे नक्की सांगता येत नसेल तर ट्रान्सपोर्टवाला भाडं वाढवून सांगतो, बागायतदार आंबा थोडा लवकर उतरवतो, खरेदीदार भाव थोडा कापूनच बोलतो, प्रत्येकजण स्वतःपुरता थोडा थोडा धोका पैशात धरतो आणि शेवटी ते सगळं पेटीच्या भावातून वजा होतं. अर्थशास्त्रात याला अनिश्चिततेची किंमत म्हणतात. ती कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाही पण रोज भरावी लागते.

विजेचंही तसंच. इंडस्ट्रीला वीज महाग पडते कारण शेती आणि गरीब घरांच्या विजेचा काही भाग इंडस्ट्रीच्या बिलातून वसूल होतो, याला क्रॉस सबसिडी म्हणतात, आणि मोठ्या उद्योजकांची पहिली तक्रार हीच असते, शेजारी गोव्यात दर कमी आहेत म्हणून. ती तक्रार खरी आहे. पण बर्फाचा कारखाना किंवा माशांचं कोल्ड स्टोरेज चालवणाऱ्याला दराच्या आधी वीज असण्याची चिंता असते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. पुढच्या वर्षी मे मध्ये तौक्ते आलं, आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं तेव्हा दुकानंच्या दुकानं मालासकट गेली. सलग दोन वर्षांत हे सगळं झालेल्या व्यापाऱ्याला विचारा राज्याची प्रायॉरिटी काय असावी, तो म्हणेल नदीतला गाळ काढा, किनाऱ्यावरच्या वीजवाहिन्या जमिनीखालून न्या, विम्याचा क्लेम लवकर मिळेल असं बघा. मोठ्या परिषदेत यातलं एकही वाक्य ऐकू येत नाही.

आणि जमीन. हा प्रश्न बाहेरच्या माणसाला समजावायला फार वेळ लागतो. खोती, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची जमीनदारी, १९४९ च्या कायद्याने गेली, कूळ कायदा आला, आणि पुढे पिढ्यानपिढ्या वाटण्या न झाल्यामुळे आज एका सातबाऱ्यावर वीस-तीस नावं असतात, काही गिरगावात, काही विरारला, काही वारलेली आणि वारस न लागलेली. गावात राहिलेल्या एका भावाला त्या जागेत आंबा पल्पचं छोटं युनिट टाकायचं असेल किंवा होमस्टे बांधायचा असेल तर बँक म्हणते सगळ्या हिस्सेदारांची सही आणा. ती सही येत नाही. मग कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून सरकारच्या योजनेची सबसिडीही नाही, कारण बहुतेक योजनांची सबसिडी कर्जाला जोडलेली असते. म्हणजे मुंबईत योजना जाहीर होते, निधी असतो, आणि रत्नागिरीत अर्जच कमी येतात, आणि मग वर निष्कर्ष निघतो की कोकणी माणसाला उद्योगात रस नाही. हे ऐकून मला खरंच राग येतो. जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली वाटणी करता येते, २०२५ मध्ये शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी सरकारने माफही केली, हे चांगलं पाऊल आहे, पण मोजणी, वारस तपास, गैरहजर हिस्सेदाराला नोटीस ही सगळी कामं वेळेत होण्यासाठी तालुक्याला माणसं लागतात. माझ्या मते कोकणाच्या उद्योग धोरणातली पहिली ओळ भूमी अभिलेख खात्यातली रिक्त पदं भरा ही असायला हवी, कारण यात केंद्राचा संबंध नाही, जीएसटी कौन्सिलचा नाही, हे पूर्णपणे राज्याचं काम आहे.

माणसांचा तुटवडा हाही विषय आहेच. आंब्याच्या बागा राखायला नेपाळी गुरखे, बोटींवर खलाशी बाहेरच्या राज्यातले, आणि आपली मुलं बारावीनंतर मुंबईला. पगार हे एक कारण, पण वर्षातले चार महिनेच काम असेल तर कोण थांबणार गावात.

आता ती अवघड गोष्ट, जी 'उद्योजकांचं मत' या शब्दांमागे लपून राहते. उद्योजकांचं एक मत नसतंच. काजूचं उदाहरण घ्या. वेंगुर्ला काजूला जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाचं भौगोलिक मानांकन, आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रातून निघालेल्या जाती सगळीकडे लावल्या जातात, आणि तरी बागायतदाराला बीचा भाव मिळत नाही, कारण आफ्रिकेतून कच्ची काजू बी देशात येते आणि भाव दबतो. म्हणून बागायतदार म्हणतो आयात शुल्क वाढवा. त्याच सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातला फॅक्टरीवाला म्हणतो स्थानिक बी वर्षभर पुरत नाही, शुल्क वाढवलंत तर फॅक्टरी सहा महिने बंद ठेवावी लागेल आणि तिथे काम करणाऱ्या बायका घरी बसतील. दोघेही उद्योजक, दोघेही आपल्याच तालुक्यातले, दोघेही खरं बोलतायत. आयात शुल्क केंद्र ठरवतं, पण राज्य दोघांच्या मधे काहीतरी करू शकतं, म्हणजे बी तारण ठेवून कर्ज मिळेल अशी गोदामं, सीझनला सगळ्यांनी एकदम विकायची गरज पडू नये म्हणून. तिथे दोघांचाही फायदा आहे, आणि अशा ठिकाणी पैसा टाकायला हवा.

राजापूर तालुक्यातल्या नाणारचंही तसंच झालं. तिथल्या नियोजित तेल रिफायनरीबद्दल २०१८ मध्ये बातम्यांत यायचं की उद्योगजगत पाठिंब्यात आहे आणि गावकरी विरोधात. पण ते गावकरी म्हणजे कोण, तर आंबा बागायतदार, मच्छीमार, म्हणजे वर्षाला काही लाखांची उलाढाल करणारे, मजूर लावणारे, कर्ज काढणारे लोक. त्यांना उद्योजक म्हणून मोजलंच गेलं नाही. २०१९ च्या मार्चमध्ये जमीन संपादनाची अधिसूचना रद्द झाली, मग त्याच तालुक्यातल्या बारसूच्या जागेची चर्चा सुरू झाली आणि तोच वाद पुन्हा उभा राहिला. रिफायनरी चांगली की वाईट यावर लोकांची मतं वेगळी असू शकतात, मला एवढंच म्हणायचंय की धंद्याचं मत घेताना किनाऱ्यावरचा धंदा मोजायचा राहून गेला तर ते मत अर्धंच. लोटे परशुरामच्या केमिकल कारखान्यांना परवानग्या लवकर हव्यात, आणि दाभोळ खाडीत जाळं टाकणाऱ्याला पाणी स्वच्छ हवंय, सरकारला दोघांचं ऐकून ठरवावं लागतं, एकाच्या सोयीला 'उद्योगस्नेही धोरण' असं नाव देऊन चालत नाही.

पैशाचंही बघू, कारण मागण्या कितीही असल्या तरी तिजोरी एकच. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात महसुली जमा साधारण ५ लाख ६१ हजार कोटी धरली होती आणि महसुली तूट ४५,८९१ कोटी, म्हणजे रोजचा खर्चच उत्पन्नापेक्षा जास्त. जमेतला निम्म्याहून जास्त भाग पगार, पेन्शन आणि व्याजात जातो. लाडकी बहीण योजनेला त्या वर्षी ३६,००० कोटी ठेवले होते. मोठे उद्योजक म्हणतात हा पैसा रस्ते-बंदरात गेला असता तर उत्पन्न वाढलं असतं, तर कणकवलीतल्या भांड्याच्या, कपड्याच्या दुकानदाराला विचारा, तो म्हणेल महिन्याचे १,५०० रुपये बायकांच्या हातात आले की ते इथेच बाजारात फिरतात. मला दोन्ही पटतं, पण एक फरक आहे. बाजारातली ती मागणी लगेच दिसते आणि रस्त्याचा फायदा यायला दहा वर्षं लागतात, आणि निवडणूक पाच वर्षांनी असते, म्हणून ज्या कामाचं फळ उशिरा येतं त्याच्यासाठी कोणीतरी सतत मागे लागावं लागतं. ते काम मोठ्या कंपन्या स्वतःसाठी करतात, त्यांच्या संघटना आहेत, महाराष्ट्र चेंबर तर १९२७ पासून आहे. आपल्याकडे तालुक्याचा व्यापारी संघ, आंबा बागायतदार संघ, मच्छीमार सोसायटी, हॉटेलवाल्यांची संघटना, सगळे वेगवेगळे, आणि प्रत्येकाचं निवेदन वेगळं.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, आणि तरी विमानसेवा नियमित नसल्यामुळे हॉटेलवाला त्याच्या भरवशावर बुकिंग घेऊ शकत नाही. इथेही तीच मागणी आहे, विमानाचं तिकीट स्वस्त करा असं कोणी म्हणत नाहीये, ज्या दिवशी येणार म्हणता त्या दिवशी येऊ द्या एवढंच म्हणतायत.

ही मागणी मांडायची जागा जिल्ह्यातच आहे. जिल्हा नियोजन समितीचा आराखडा दरवर्षी ठरतो, पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सचिव, आणि मुंबईत मार्चमध्ये बजेट मांडलं जायच्या बरंच आधी हे काम सुरू होतं. दिवाळीनंतर लगेच तालुक्यातल्या सगळ्या संघटनांनी एकत्र बसून मागण्यांचे दोन कागद करावेत, एकावर फक्त राज्याच्या हातातल्या गोष्टी आणि त्या कुठल्या खात्याच्या हातात आहेत ते, तारखेसकट, म्हणजे मोजणीची किती प्रकरणं किती महिने पडून आहेत, मच्छीमारांचा डिझेलवरच्या कराचा परतावा किती महिने थकलाय, कुठली वाहिनी कधी जमिनीखाली जाणार, आणि दुसऱ्यावर केंद्राच्या गोष्टी, तो कागद खासदाराकडे. पालकमंत्र्यांच्या हातात पहिलाच कागद द्यायचा, आणि पुढच्या वर्षी त्याच तारखा घेऊन पुन्हा जायचं.